हळदीतले टर्मेरिन आणि डीएनएचा बचाव

हळद म्हटली की कुरकुमिनचेच नाव निघते. पण ते पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात सहज विरघळणारे एक छोटे प्रथिनही हळदीत असते, आणि डीएनएच्या रक्षणाच्या संदर्भात ते जास्त लक्ष देण्याजोगे आहे.

धोका कुठून येतो

भर उन्हात पानातली हरितलवके जोमाने काम करत असताना काही इलेक्ट्रॉन भलतीकडे, ऑक्सिजनवर जातात. त्यातून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पेरॉक्साइड एकटे असेल तर तुलनेने सौम्य. मोकळे लोह भेटले, की मात्र त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतो. तो सेकंदाचा अब्जावा भाग जेमतेम टिकतो आणि जे पहिले समोर येईल त्यावर तुटून पडतो. समोर डीएनए असला, तर त्याचा धागा तुटतो किंवा त्यातल्या ग्वानीनचे ऑक्सोग्वानीन होते. असे बिघडलेले ग्वानीन सायटोसीनऐवजी अ‍ॅडेनीनशी जोडी जमवते आणि डीएनएची नक्कल होताना चूक कायमची होऊन बसते.

मूलक जन्मूच नये म्हणून

इतक्या अल्पायुषी मूलकाला विकर गाठणार तरी कसे? म्हणून वनस्पतीचा सगळा भर आधीच्या पायऱ्यांवर असतो. सुपरऑक्साइडचा बंदोबस्त डिसम्यूटेज करते, पेरॉक्साइडचे पाणी कॅटालेज करते. हरितलवकात कॅटालेज नसते. तिथे हे काम अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज क जीवनसत्त्व खर्चून पार पाडते.

मोकळे लोह फेरिटिन गोळा करते. चोवीस उपघटकांच्या या पोकळ गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. मटार आणि सोयाबीनमधले फेरिटिन चांगले अभ्यासले गेले आहे. त्याला सहसा कोणी ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणत नाही. माझ्या मते डीएनएवरचे त्याचे उपकार मात्र मोठे आहेत.

एवढे करूनही जे ग्वानीन बिघडते, ते दुरुस्तीची विकरे हुडकून कापून काढतात.

टर्मेरिन

सुरुवातीला उल्लेखलेले हळदीतले छोटे प्रथिन म्हणजे टर्मेरिन. एल. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात अवघी ४० अमिनो आम्ले आहेत आणि वाळलेल्या हळदीच्या वजनात त्याचा वाटा ०.१ टक्का. उष्णतेने ते बिघडत नाही. हळद काढणीनंतर उकडली जाते, म्हणून हा गुण मोलाचा. पेप्सीन आणि ट्रिप्सीन ही पाचक विकरेही त्याला तोडू शकत नाहीत. त्यातली तीन मेथिओनीन स्वतः ऑक्सिजनचा मारा झेलतात, आणि प्रथिनाच्या रक्षकगुणात त्यांचा वाटा आहे.

जेलवर काय दिसते

असा बचाव प्रयोगशाळेत पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. जिवाणूचा वर्तुळाकार, पीळ भरलेला प्लाझ्मिड डीएनए घ्यायचा आणि त्यात लोह व पेरॉक्साइड मिसळायचे. एका जागी धागा तुटला तरी पीळ सुटतो, वर्तुळ सैल होते. अ‍ॅगरोज जेलमध्ये वीज सोडली की पीळदार डीएनए भराभर पुढे सरकतो, सैल झालेला मागे रेंगाळतो. अतिनील दिव्याखाली दोन वेगळे नारिंगी पट्टे दिसतात. प्रथिन घातलेल्या नमुन्यात पुढचा पट्टा ठळक राहिला, तर डीएनए वाचला.

पोटात गेल्यावर

परीक्षानळीत प्रथिन आणि डीएनए एकाच थेंबात असतात. ताटातल्या प्रथिनाला आतड्याची भिंत, रक्त, पेशीपटल आणि केंद्रकाचे आवरण असा मोठा पल्ला गाठायचा असतो. त्यामुळे जेलवरच्या पट्ट्याचा आधार घेऊन हळदीच्या गोळ्या कॅन्सर टाळतात असे सांगणे चुकीचे आहे. तो पट्टा एवढेच दाखवतो, की समोरासमोर असताना हे प्रथिन डीएनएला वाचवू शकते.