गेनमाइचा: ग्रीन टी असूनही उकळतं पाणी का?

ग्रीन टीच्या व्हिडिओत मी एक नियम सांगितला होता. पाणी उकळतं घ्यायचं नाही, ७०-८० अंशांपर्यंत खाली येऊ द्यायचं. आज त्याच नियमात न बसणारा माल घेऊन आलेय. आणि हे मला कोणत्या कोर्समध्ये नाही, माझ्याच काउंटरवर कळलं.

दुकानात नेहमी येणाऱ्या एका काकूंना मी गेनमाइचाचं १०० ग्रॅमचं पाकीट दिलं. सोबत अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "काकू, पाणी कोमटच घ्या आणि दोन मिनिटं ठेवा." चार दिवसांनी त्या पाकीट घेऊन परत आल्या. "अगं, चवच नाही याला. पाण्यात चुरमुरे भिजवल्यासारखं लागतंय." पाकीट बदलून दिलं, पण काकू गेल्यावर मी तेच परत आलेलं पाकीट वेगवेगळ्या पाण्यात करून बघितलं. माल चांगला होता, चुकीचं होतं ते माझं सांगणं.

आधी हा चहा आहे काय ते बघू. जपानी भाषेत गेनमाइ म्हणजे पॉलिश न केलेला तांदूळ आणि चा म्हणजे चहा. तांदूळ भिजवून, वाफवून, सुकवून मग भाजतात आणि ग्रीन टीच्या पानांत साधारण निम्मे-निम्मे मिसळतात. (नाव काहीही असलं तरी बऱ्याच पाकिटांत पॉलिश केलेलाच तांदूळ असतो. लेबल वाचा आणि मग बोला.) भाजताना काही दाणे फुटून पांढरे होतात, त्या आपल्या लाह्याच समजा. पान बहुतेक वेळा बांचा असतं, म्हणजे उशिरा खुडलेलं, जून पान. महाग पाकिटात सेंचा असतो. काही पाकिटांत वरून माचाची पूडही घातलेली असते, त्याचं पाणी गर्द हिरवं आणि गढूळ दिसतं. ग्राहक म्हणेल खराब आहे, तर तसं नसतं.

आता मुद्द्याचं. या एका पाकिटात दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू आहेत. पानातला कडवटपणा आणि तुरटपणा देणारी द्रव्यं गरम पाण्यात भराभर उतरतात, म्हणून एरवी ग्रीन टीला थंडावलेलं पाणी लागतं. भाजलेल्या तांदळाचं उलट आहे. त्याचा सगळा माल म्हणजे वास, आणि तो खुलायला चांगलं कडक पाणी पाहिजे. पाणी ७० अंशांवर घेतलं की पान वाचतं, पण ज्या वासासाठी ग्राहकाने पैसे मोजले तोच कपात येत नाही. मग दोघांना सांभाळायचं कसं? पाणी उकळतं घ्यायचं आणि वेळ कापायचा. जून पान तेवढा ताप सोसतं, शिवाय पान निम्मंच आहे. कडवटपणा उतरायच्या आत आपण चहा गाळून मोकळे.

माझं माप असं: १० ग्रॅम चहा, २४० मिली उकळतं पाणी, ३० सेकंद. मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळून घ्यायचं. भांड्यात पाणी राहिलं तर ते कडू होत बसतं आणि दुसरा कप बिघडतो. घरी एका मगासाठी ३ ग्रॅम, १५० मिली आणि साधारण एक मिनिट पुरतं. पाकिटात सेंचा असेल तर पाणी एकदा दुसऱ्या भांड्यात ओतून मग वापरा, तेवढ्यात ते थोडं उतरतं. दुसरं पाणी घालता येतं, पण त्यात तांदळाचा वास कमी आणि पान जास्त लागतं. म्हणून ग्राहकाला चव द्यायची ती पहिल्याच पाण्याची.

चमच्याने मोजू नका, काटा वापरा. दाणे आणि पान वेगवेगळ्या आकाराचे, त्यामुळे बारीक चुरा डब्यात तळाला जातो. वरचा चमचा नुसता तांदूळ, खालचा नुसता कडू चुरा. काढण्याआधी डबा हलकेच उलटसुलट करायचा, खडखडवायचा नाही.

चव बघताना आधी कोरडाच माल तळहातावर घ्या. दाणे सोनेरी-तपकिरी हवेत. काळे, करपलेले जास्त दिसले तर तो कडवटपणा कोणत्याही पाण्याने जाणार नाही. मग वास घ्या. दिवाळीत चकलीच्या भाजणीचा तांदूळ भाजताना घरभर जो वास सुटतो ना, त्याच्या जवळचा वास आला पाहिजे. जुन्या फरसाणासारखा खवट आला तर तिथेच थांबा. कपातलं पाणी फिकट पिवळसर-हिरवं असतं. पहिला घोट गरम असताना आवाज करत ओढून घ्या (ग्राहकासमोर लाजू नका), दुसरा कोमट झाल्यावर. गरमपणात दोष लपतात, कोमट चहा खरं बोलतो. आधी भाजका वास, मग पानाचा हलका गोडसरपणा आणि शेवटी किंचित तुरट, असा क्रम मिळाला तर माल आणि हात दोन्ही बरोबर आहेत.

"फुकट चव देणं परवडत नाही" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशोब. समजा १०० ग्रॅम तुम्हाला ६०० रुपयांना पडतात. १० ग्रॅमचे ६० रुपये. पान-तांदूळ थोडं पाणी पितात, हातात साधारण २०० मिली येतं, म्हणजे ३० मिलीचे सहा कप. कपामागे १० रुपये. एक पाकीट परत आलं तर माझे थेट ६०० जातात, आणि जो ग्राहक पाकीट परत न आणता नुसता यायचा बंद होतो, त्याचा तर हिशोबच लागत नाही.

साठवणीत मी दुसरी चूक केली होती. दिसायला छान म्हणून काचेच्या बरणीत, उजेडात ठेवला. पान फिकं पडलं आणि तांदळाचा वास गेला. आता घट्ट झाकणाचा, आत उजेड न जाणारा डबा, मसाल्यांपासून लांब, आणि खरेदी थोडी-थोडी.

विकताना दोन गोष्टी बोलू नका. एक, "यात कॅफीन नाही." निम्मा तांदूळ असल्याने नुसत्या ग्रीन टीपेक्षा कमी असतं, पण असतं. दुसरी, "वजन उतरतं." चवीवर विकला जाणारा माल आहे, चवीवरच विका.

आणि पाकिटावर चिठ्ठी लावा: उकळतं पाणी, ३० सेकंद, दूध-साखर नको, पातेल्यात उकळू नका. शेवटची ओळ गाळू नका. चिठ्ठीत ती नव्हती तेव्हा एका दादांनी तो आपल्या चहासारखा पाच मिनिटं उकळला होता.