डोळ्यापुढचे आणखी एक भिंग

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवू पाहणाऱ्याचा हात हमखास चुकतो. सुई दिसत नाही असे नव्हे. ती किती दूर आहे, हे एकट्या डोळ्याला नीटसे उमगत नाही. दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात आणि त्या फरकावरून मनाला अंतराची जाणीव होते. रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, बसविलेला कॅमेरा याच युक्तीवर चालतो. त्याच्या दर्शनी बाजूस दोन खिडक्या असतात. मोठीतून समोरचे दृश्य दिसते; लहानीतून आत शिरलेली प्रतिमा त्या दृश्याच्या मध्यभागी एका उजळ चौकोनात येऊन पडते. लेन्सचे कडे फिरवू लागले की ही दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, की लेन्स त्या वस्तूवर फोकस झाली असे समजावयाचे.

परंतु तंतोतंत म्हणजे किती? सारा प्रश्न येथेच आहे. प्रतिमा जुळल्या की नाहीत, हे ठरविणारा अखेर माणसाचा डोळा असतो, आणि एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान फरक सामान्य डोळ्याला सहसा जाणवत नाही असे धरून चालतात. मग मापनातील चूक कमी करण्याचे दोनच मार्ग उरतात. एक तर दोन खिडक्यांमधील अंतर वाढवावे, नाही तर डोळ्याला दिसणारी प्रतिमा मोठी करावी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे अंतरमापकाचा परिणामकारक पाया होय.

१९३२ साली पायावर भर देणारा पहिल्या कॉन्टॅक्सचा रुंद अंतरमापक आला. दुसरा मार्ग लायकाने पुढल्याच वर्षी चोखाळला. १९३३ च्या तिसऱ्या लायकात खिडक्यांमधील अंतर जेमतेम चार सेंटिमीटर होते. पण अंतरमापकाच्या नेत्रभिंगातून प्रतिमा दीडपट मोठी दिसे, आणि त्यामुळे तोकडा पायाही जवळजवळ सहा सेंटिमीटरांच्या मोलाचा ठरे. जपानमधील कॅननने १९४९ च्या आपल्या कॅमेऱ्यात एक छोटी कळ बसवून दृश्याचा आकार तीन पायऱ्यांनी बदलण्याची सोय केली. विशालक भिंगाची कल्पना अशी जुनीच आहे.

१९५४ साली आलेल्या लायका एम३ मध्ये दोन खिडक्यांमधील अंतर सुमारे ६८.५ मिलिमीटर होते. माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतरही साधारण तेवढेच असते, हा योगायोग मोठा गमतीचा. या कॅमेऱ्यातून दृश्य ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ मूळ आकाराचे दिसे; त्यामुळे परिणामकारक पाया ६२ मिलिमीटरांचा होई. पुढे एम२ मध्ये ३५ मिलिमीटर लेन्सची रुंद चौकट मावावी म्हणून हेच प्रमाण ०.७२ वर आणले गेले आणि पाया ४९ वर घसरला. दृश्य रुंद हवे तर अचूकपणा थोडा सोडावा, असा हा सरळ सौदा होता. नंतरच्या बहुतेक एम कॅमेऱ्यांनी ०.७२ च्या आसपासचेच प्रमाण पत्करले.

सोडलेला अचूकपणा गरजेपुरता परत मिळविण्याचे साधन म्हणजे नेत्रभिंगावर आट्यांनी बसणारे विशालक. लायकाने ते १.२५ पट आणि १.४ पट अशा दोन मापांत काढले. पंचांगाची बारीक अक्षरे वाचावयाच्या भिंगाशी त्याचे फारसे नाते नाही. नावाने भिंग असले तरी कामाने ती एक चिमुकली दुर्बीण आहे. ०.७२ ला १.२५ ने गुणले की ०.९० येतात. म्हणजे पहिल्या विशालकाने नवा कॅमेरा पुन्हा एम३ च्या पंक्तीस जाऊन बसतो. दुसऱ्याने पाया सुमारे ७० मिलिमीटर होतो.

एवढ्याची खरोखर गरज असते का? गणित करून पाहता येते. फिल्मवरील बिंदू ०.०३ मिलिमीटरपर्यंत पसरला तरी चालेल, असा जुना संकेत मानला, तर ५० मिलिमीटर, एफ १.४ या लेन्सला १७ मिलिमीटरांचा पाया पुरतो. ९० मिलिमीटर, एफ २ ला ३९ लागतात. १३५ मिलिमीटर, एफ २.८ ला मात्र ६३! म्हणूनच १९६३ मध्ये लायकाने ही लेन्स आणली, तेव्हा तिच्या माथ्यावर चष्मा बसविला. तो कॅमेऱ्याच्या खिडक्यांसमोर येई आणि सारे दृश्य दीडपट मोठे करी. लेन्स बोजड झाली खरी, पण ४९ चा पाया ७४ वर गेला.

हे गणित उदार आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ०.०३ चा संकेत बेताच्या आकाराच्या छापांसाठी आहे. छाप मोठा करावयाचा असेल, किंवा आजच्या डिजिटल संवेदकावरील चित्र पडद्यावर बारकाईने पाहावयाचे असेल, तर तो निम्म्यावर आणावा लागतो आणि पायाची गरज दुप्पट होते. शिवाय संध्याकाळचा उजेड, थकलेला डोळा, कडा स्पष्ट नसलेला विषय यांची दखल कोणतेच सूत्र घेत नाही. ९० मिलिमीटर लेन्स एफ २ वर ठेवून एक मीटरवरून एखाद्या आजीबाईंचे छायाचित्र घेतले, तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम दीड सेंटिमीटरांचा असतो. अंतर थोडे चुकले की कानातली कुडी लख्ख आणि डोळे धूसर! फिल्म धुऊन होईपर्यंत ही चूक कळत नाही, आणि तोवर आजीबाई गावी परतलेल्या असतात. अशा वेळी पापणीची कड उजळ चौकोनात थोडी मोठी दिसणे फार मोलाचे ठरते.

मात्र विशालक डोळ्याला मदत करते, यंत्राला नाही. अंतरमापकाची जुळणीच बिघडलेली असेल, तर विशालकातून प्रतिमा अधिक नेमकेपणाने चुकीच्या जागी जुळतील. ज्याला चष्म्याची गरज आहे, त्याने आधी नंबराची काच बसवून घ्यावी. धूसर प्रतिमा मोठी केली तरी ती धूसरच राहते. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटते. मोठी केलेली प्रतिमा थोडी मंद भासते, आणि चौकटीच्या कडा नजरेबाहेर जातात हा तोटा तर उघडच आहे. १.२५ चे विशालक ५० मिलिमीटर व त्याहून लांब लेन्सांसाठी, १.४ चे ७५ च्या पुढे. ३५ मिलिमीटर लेन्स चढविली की ते काढून ठेवणेच इष्ट. या काढघालीत ते हरवू नये म्हणून त्याला बारीक साखळी असते. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अडकविण्याचा कंटाळा करू नये, कारण ही वस्तू जेवढी लहान तेवढीच महाग आहे.

दुसरी प्रतिमा आडवीच सरकत असल्याने जुळणी उभ्या रेषेवर करावी: दाराची चौकट, खांबाची कड, सदऱ्याची गुंड्यांची पट्टी. उभी रेषा नसेल तर कॅमेरा क्षणभर उभा धरावा. आणि विशालक विकत घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. लेन्स अनंतावर ठेवून एखाद्या मैलभर दूरच्या कळसाकडे किंवा मनोऱ्याकडे पाहावे. तेथे दोन प्रतिमा एकजीव झाल्या नाहीत, तर दुकानाऐवजी दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे.