मनाशी बोलणी

दुसरी पाळी सुटल्यावर शेवटच्या बसने घरी जाणारा कामगार पाहावा. खिडकीशी बसलेला असतो, ओठ किंचित हलत असतात, मधूनच हात उडतो. तो मनातल्या मनात फोरमनला सुनावत असतो. दुपारी जे उत्तर सुचले नाही, ते आता रात्री सुचलेले असते. याला कोणी ध्यान म्हणणार नाही. पण याच बोलण्यातून ध्यानाकडे एक वाट जाते. ती आपणांस दाखवावी, एवढाच आमचा हेतू.

आम्ही या विषयातले अधिकारी नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. मात्र निम्मे आयुष्य मालकांशी बोलणी करण्यात गेले, त्यामुळे बोलणी कशी करावीत हे थोडेफार कळते.

हा आतला आवाज येतो कोठून? सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांचे विचार आणि भाषा यांवरील पुस्तक १९३४ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. ते सांगतात की मूल प्रथम इतरांशी बोलायला शिकते. मग खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. आणि शाळेच्या वयात ते बोलणे हळूहळू आत जाते. म्हणजे आतला आवाज हा मुळात बाहेरून आत आलेला आहे. त्यात आईची माया असेल, तसाच बापाचा धाक, शेजाऱ्याचा टोमणा आणि साहेबाची गुर्मीही असेल. म्हणून आतून आले ते सगळे खरे, असे मानण्याची घाई करू नये. आधी विचारावे, 'बाबा रे, तू कोणाच्या वतीने बोलतोस?'

आता बोलावे कसे? समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाठ केले असतील. त्या २०५ श्लोकांत समर्थ मनाला समोर बसवतात आणि कधी गोंजारून, कधी दरडावून त्याच्याशी बोलतात. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने दुसऱ्या शतकात स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहिली. त्यांतही तो स्वतःला 'तू' म्हणतो. ज्या एपिक्टेटसची शिकवण त्याने मनावर घेतली, तो जन्माने गुलाम होता, ही गोष्ट आम्हा कामगारांना विसरता येत नाही. अलीकडे, २०१४ साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणासारख्या कठीण प्रसंगाआधी जे स्वतःशी 'मी' ऐवजी 'तू' म्हणून किंवा स्वतःचे नाव घेऊन बोलले, त्यांची धास्ती कमी झाली. कारण सोपे आहे. 'तू' म्हटले की दोन पक्ष झाले, मध्ये टेबल आले, आणि ऐकून घेणे शक्य झाले.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात संपाचा एकेचाळिसावा दिवस होता. मालकाने देऊ केलेली वाढ मागणीहून कमी होती. सकाळी द्वारसभेत आम्ही काय ते सांगायचे होते. रात्री युनियनच्या खोलीत दिवा मालवून एकटेच बसलो. एक आवाज गर्जत होता, 'झुकायचे नाही!' आम्ही विचारले, 'का?' उत्तर आले, 'लोक काय म्हणतील?' 'कोणते लोक?' यावर तो गप्प झाला. तो आमच्या मानाचा आवाज होता, संपकऱ्यांचा नव्हता. मग दुसरा बोलला. त्याने वाण्याची उधारी आणि मुलांची फी यांचा हिशेब मांडला. पुष्कळ वेळाने तिसरा अगदी हळू म्हणाला, 'त्या चौघांचे काय?' कामावरून काढलेल्या चार जणांचे नाव तडजोडीत कोठेच नव्हते. पगाराच्या आकड्याच्या भांडणात आम्ही त्यांना विसरलो होतो.

सकाळी आम्ही सभेला सांगितले की आकडा मान्य करावा, पण चौघांसाठी पुन्हा बोलणी करावीत. सभेने ते मानले. बोलणी झाली, दोघे परत कामावर गेले, दोघे गेले नाहीत.

यातून रीत निघते ती अशी. रोज ठराविक वेळी पाव तास एकटे बसावे. एकच प्रश्न घ्यावा, तो 'तू' म्हणून विचारावा, आणि मग गप्प राहावे. जो मोठ्याने बोलतो त्याचे आधी ऐकावे, पण तेवढ्यावर सभा संपवू नये. हळू बोलणाऱ्याला वेळ द्यावा. शेवटी काय ठरले ते वहीत एका ओळीत लिहावे. सकाळी ती ओळ पुन्हा वाचून पटली, तरच ठराव मंजूर.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. जो आवाज नुसते हुकूम सोडतो किंवा जिवावर उठायला सांगतो, त्याच्याशी एकट्याने बोलणी करू नयेत; घरच्यांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. आणि मनाशी बोलणी झाली म्हणून जगाशी बोलणी टळत नाहीत. आत ठरले ते सकाळी फाटकावर उभे राहून सांगावेच लागते.

जे दोघे परत गेले नाहीत, ते आजही आम्हांला भेटतात. राग धरीत नाहीत. पण आम्ही रात्री बसलो की तो हळू आवाज आता पहिल्यासारखा उशिरा येत नाही. सर्वांच्या आधी तोच बोलतो.