काचेवर पाणी, चौकटीत बुरशी

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत हिवाळ्यात पडदा सारला की काचेवरून ओघळ आणि खालच्या रबरी पट्टीवर काळे ठिपके दिसतात. हे पाणी बाहेरचे नव्हे. खोलीत २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १२ अंशांपेक्षा गार पृष्ठभागावर दव धरते. एकेरी काच रात्री त्याहून सहज गार होते.

बाष्प घरातलेच: श्वास, आंघोळ, शिजता भात आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. कपडे बाथरूममध्ये दार लावून, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवून वाळवावेत. खिडकीच्या वरच्या चौकटीत हवेसाठी ठेवलेली फट चिकटपट्टीने बुजवू नये (थंडी लागते म्हणून बरेच जण नेमके तेच करतात). सकाळी काच पुसून फडके मोरीत पिळावे. रेडिएटरवर टाकले तर तेच पाणी पुन्हा हवेत.

बुरशीला ब्लीच लावताना त्यात व्हिनेगर मुळीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दुहेरी खिडकीत दोन काचांच्या मध्ये ओल दिसली, तर पुसण्याचा प्रश्नच नाही. सील गेलेले असते. काचांचा तो जोड बदलून घ्यावा लागतो.