लॅपटॉप लॉगिन होतो, पण पुढे स्क्रीन काळीच? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

सोमवारची सकाळ, पुनावळेतल्या घरातून नऊच्या मीटिंगला जॉइन व्हायचंय. तुम्ही पिन टाकता, 'वेलकम' दिसतं आणि पुढे सगळं काळं. फार तर माउसचा बाण तेवढा हलतो.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात: 'डिस्प्ले गेला' किंवा 'फॉरमॅट मारावा लागेल'. दोन्हींवर लगेच विश्वास ठेवू नका.

नेमकं काय बिघडतं?

लॉगिनचं पान नीट दिसलं, म्हणजे स्क्रीनचं पॅनेल बहुतेक ठीक आहे. पिन बरोबर ठरला की विंडोज 'एक्सप्लोरर' नावाचा प्रोग्राम सुरू करतं. डेस्कटॉप, आयकॉन आणि खालची टास्कबार तोच दाखवतो. तो सुरू झाला नाही, ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला किंवा चित्र दुसऱ्याच मॉनिटरकडे जात असेल, तर समोर काहीच दिसत नाही. तुमच्या फाइल्स मात्र सहसा जागच्या जागी असतात.

या क्रमाने करून बघा

1. थोडं थांबा. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला वेळ लागू शकतो. पाच-दहा मिनिटं द्या.

2. जोडलेलं सगळं काढा. एचडीएमआय केबल, डॉक, पेनड्राइव्ह काढा. मग विंडोज + पी दाबा आणि 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. ऑफिसमध्ये मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

3. ग्राफिक्स ड्रायव्हर जागा करा. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, कधी 'बीप' वाजतो. यात उघडलेलं काम बंद होत नाही.

4. एक्सप्लोरर हाताने सुरू करा. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर 'रन न्यू टास्क' निवडा, इंग्रजीत 'एक्सप्लोरर' टाइप करा आणि एंटर दाबा. डेस्कटॉप परत आला, तर दोष कुठे होता ते कळलं.

5. सेफ मोडमध्ये जा. लॉगिनच्या पानावर शिफ्ट दाबून ठेवा आणि पॉवरच्या चिन्हातून 'रीस्टार्ट' निवडा. पुढे 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' आणि 'रीस्टार्ट' या मार्गाने जाऊन 4 दाबा. इथे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालतं. इथे डेस्कटॉप दिसला, तर अलीकडे आलेला ड्रायव्हर, अपडेट किंवा नवं अॅप यावर संशय घ्या आणि ते काढून बघा.

48 अंकांची किल्ली

पाचव्या पायरीवर निळ्या स्क्रीनवर 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाऊ शकते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप लॉक केलेली असते. ही 48 अंकी की बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते आणि मोबाइलवरून लॉगिन करूनही बघता येते. ती नसेल, तर दुकानदारालाही डिस्कमधला डेटा वाचता येत नाही.

19 जुलै 2024 ला हेच जगभर दिसलं. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. तेव्हा निळी स्क्रीन येत होती, बिघाडही वेगळा होता. पण बऱ्याच कॉम्प्युटरवर उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढण्याचा होता, आणि तिथेही अनेकांचं काम या किल्लीपाशीच अडलं.

दुकानात न्यायची वेळ आली तर

- लॅपटॉप कंपनीचा असेल, तर तो दुकानात देऊ नका. हिंजवडीतलं ऑफिस असो की चाकणचा प्लांट, आधी आयटी टीमला फोन करा. की त्यांच्याकडे असते.
- स्वतःचा असेल, तर 'आधी डेटाचा बॅकअप, मग बाकीचं' असं स्पष्ट सांगा.
- 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' हा पर्याय असतो. त्यात अॅप्स जातात, पण तुमच्या फाइल्स राहतात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं, तर फाइल्सही जातात.

लॅपटॉप आज नीट चालत असेल, तर दोन कामं आजच उरका. रिकव्हरी की कागदावर लिहून घरात जपून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी लॅपटॉपबाहेर काढून ठेवा.