बंद खाणीतला न दिसणारा धोका

वणी : यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर कोळसा खाणींसाठी, तर जवळचे राजूर चुनाभट्ट्यांसाठीही ओळखले जाते. अशा भागातील ओसाड वास्तू मित्रमंडळींना खुणावतात. पडक्या भट्टीची ढासळती भिंत निदान दिसते. बंद खाणीतील धोका दिसत नाही.

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. भुयारातील कोळसा तो हळूहळू शोषून घेतो. उरलेल्या हवेला रंग नसतो, वासही नसतो. प्राणवायू १० टक्क्यांखाली गेल्यास माणूस बेशुद्ध पडू शकतो. मिथेन ५ ते १५ टक्के असल्यास आगपेटीची एक काडीही स्फोटास पुरेशी ठरते.

कोसळलेल्या मित्राला वाचवण्यास धावणाराही त्याच हवेत श्वास घेतो. म्हणून मागोमाग आत न उतरता पोलिसांमार्फत खाण बचाव पथकाला बोलावणे, हीच खरी मैत्री.