शिफ्ट बदलताना

२०१४ सालच्या दिवाळीत माझ्या दीड वर्षाच्या अभ्यासाचं तेरावं झालं. २२ आणि २३ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये 'एनजी-युरोप' नावाची परिषद भरली होती. २३ तारखेला आमच्या भिलाईत लक्ष्मीपूजन होतं. भाऊबीज आटोपल्यावर मी परिषदेतल्या एका भाषणाचं चित्रीकरण बघायला बसले. इगोर मिनार आणि टोबियस बॉश हे दोघं अँग्युलर या वेबपानं बांधायच्या फ्रेमवर्कच्या पुढच्या आवृत्तीबद्दल बोलत होते आणि पडद्यावर एकेक थडगं उगवत होतं. कंट्रोलर गेला, स्कोप गेला, मॉड्यूल गेलं, डायरेक्टिव्ह लिहिण्याची जुनी पद्धत गेली, जेक्यूलाइट गेलं. मी घोकून पाठ केलेल्या पाच गोष्टी ओळीने पुरल्या गेल्या.

आई चिवड्याचा डबा हलवून बघत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं?"

"मी शिकले ते सगळं मेलं."

"मग क्लासवाले फी परत देतील का?"

नऊ वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, अँग्युलरची सतरावी आवृत्ती आली तेव्हा ते थडग्यांचं चित्र पुन्हा आठवलं. मधल्या काळात मी हे एकच फ्रेमवर्क निदान चारदा नव्याने शिकले होते.

सुरुवात २०१३ ची. त्याआधी मला फक्त जेक्वेरी येत होती. जॉन रेसिग यांनी २००६ साली काढलेल्या त्या छोट्याशा साधनावर अर्धं जग चालत होतं, आमचं सुपेल्यातलं दोन खोल्यांचं ऑफिसही. बटण शोधा, त्यावर क्लिक लावा, मजकूर बदला. काम होत असे, पण पानावर एकच आकडा चार ठिकाणी दिसत असेल तर चारही ठिकाणी आठवणीने बदलावा लागे. अँग्युलरजेएसमध्ये, म्हणजे पहिल्या अँग्युलरमध्ये, मी इनपुटच्या चौकटीत नाव टाइप केलं आणि खालच्या ओळीत ते आपोआप उमटलं. मधे एकही ओळ लिहावी लागली नाही. मी तीनदा खोडून तीनदा लिहिलं.

या फ्रेमवर्कची जन्मकथा आमच्या क्लासमध्ये हमखास सांगितली जायची. गूगलमध्ये 'फीडबॅक' नावाच्या कामावर तिघांनी सहा महिन्यांत सुमारे १७ हजार ओळी लिहिल्या होत्या. मिश्को हेवेरी यांनी फावल्या वेळात एक साधन बनवलेलं होतं. ते वापरून हे सगळं दोन आठवड्यांत पुन्हा लिहून दाखवतो, अशी पैज त्यांनी मारली. पैज हरले, तीन आठवडे लागले, पण १७ हजारांच्या जागी ओळी उरल्या दीड हजार. ते साधन म्हणजेच अँग्युलर. त्याची पहिली पक्की आवृत्ती जून २०१२ मधली. एचटीएमएलच्या टोकदार कंसांवरून हे नाव पडलं.

जादू ओसरली ती एका टिंबापायी. फॉर्मचा एक भाग मी अटीवर दिसेल असा केला आणि त्या भागातल्या चौकटीत लिहिलेलं हरवायला लागलं. डोळ्यांना दिसे, पण सेव्ह केलं की रिकामं. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं की असा भाग स्वतःचा वेगळा स्कोप करतो, म्हणजे वेगळं घर थाटतो. सुटं 'नाव' लिहिलं की तो त्याची आपल्या घरात नवी प्रत करून ठेवतो. 'ग्राहक-टिंब-नाव' असं लिहिलं की मूळ घरीच जातो. चौकट बांधताना टिंब नसेल तर तुमचं काहीतरी चुकतंय, ही त्या काळच्या अँग्युलरवाल्यांची म्हणच होती.

भिलाईच्या माणसाला हे उशिरा कळावं याचीच लाज वाटली. आमचं अख्खं गाव टिंबांवर चालतं. सेक्टर, सडक, क्वार्टर नंबर एवढं सांगितलं की नवखा पाहुणाही कोणाला न विचारता दारात येऊन उभा राहतो. पोलाद कारखान्याबरोबर वसवलेल्या गावाचा हा फायदा. सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केलं ४ फेब्रुवारी १९५९ ला. आजोबा भंडाऱ्याहून आले ते त्याच सुमाराला. बाबांचीही सगळी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेली.

थडग्यांनंतरची दोन वर्षं वाईट गेली. जुनं शिकण्यात अर्थ वाटेना आणि नवं तयार नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये बीटा आली. मे २०१६ पासून 'जवळजवळ अंतिम' आवृत्त्या येऊ लागल्या. त्यातल्या पाचवीत, ऑगस्टमध्ये, अचानक 'एनजीमॉड्यूल' नावाचा नवा कप्पा आला आणि तोपर्यंतचे धडे पुन्हा लिहावे लागले. राउटर, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तर इतक्यांदा मोडून बांधला की आम्ही मोजणं सोडलं. आमच्यातली दोन मुलं या काळात अँग्युलर सोडून रिअ‍ॅक्टकडे गेली, आणि मला त्यांचं चूक वाटलं नाही.

अखेर दुसरी आवृत्ती पक्की झाली. अमेरिकेत तेव्हा १४ सप्टेंबर २०१६ ची संध्याकाळ होती आणि आमच्याकडे अनंत चतुर्दशी उजाडली होती. दहाच दिवसांपूर्वी जिओ सुरू झालं होतं. एरवी टेलिफोनच्या तारेवरून रात्रभर उतरणाऱ्या त्या शेकडो मेगाबाइटच्या फाइली मी मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून उतरवल्या. बाहेर विसर्जनाचे ताशे वाजत होते.

दुसऱ्या अँग्युलरने जादू काढून घेतली आणि शिस्त दिली. टाइपस्क्रिप्ट आलं, म्हणजे प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी सांगायचा. पडद्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक कंपोनंट, त्याच्या तीन-चार फाइली. सर्व्हरशी बोलणं आणि हिशोब करणं हे सर्व्हिसचं काम. कंपोनंटने सर्व्हिस स्वतः बनवायची नाही, फक्त मागायची. कुठून आणून द्यायची ते फ्रेमवर्क बघेल. साधं 'नमस्कार' दाखवायला इतकी कागदपत्रं! मला सरकारी कचेरीत अर्ज भरल्यासारखं वाटे. एका संध्याकाळी मी बाबांसमोर चिडचिड केली. निवृत्त माणूस, पेपर वाचत होते.

"तू कोणासाठी लिहून राहिली हे?"

"कोणासाठी म्हणजे? कॉम्प्युटरसाठी."

"कॉम्प्युटर काय सुट्टीवर जाते? सुट्टीवर तू जाशील. तुझ्यामागून येईल त्याच्यासाठी लिही."

मग त्यांनी चार्ज देण्याची गोष्ट सांगितली. भट्टी विझवून घरी जाता येत नाही. ती वर्षानुवर्षं दिवसरात्र धगधगते, बदलतात ती माणसं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. जाणारा रजिस्टरात लिहितो की काय चालू आहे, काय बिघडलंय, काय अर्धवट ठेवलंय आणि का. येणारा ते वाचून सही करतो. "लिहिणारा हुशार नसला तरी चालते," बाबा म्हणाले, "पन जागच्या जागी लिहिलं पाहिजे. रात्री दहाले शोधत बसाले टाइम नसते."

मी मान डोलावली. पटलं ते पुढच्या वर्षी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. आमचे बरेचसे ग्राहक हथखोजच्या औद्योगिक भागातले लहान फॅब्रिकेटर. त्यांच्या बिलांचे दोन प्रोग्राम माझ्याकडे आले आणि दोन्ही लिहिणारे नोकरी सोडून गेलेले. पहिला जेक्वेरीतला, साडेसहा हजार ओळींची एकच फाइल. त्यात 'न्यू', 'न्यू-टू' आणि 'फायनल-न्यू' नावाची तीन फंक्शनं. कराचा हिशोब मला अकरा ठिकाणी सापडला. बारावं ठिकाण ग्राहकाला सापडलं. राज्यातल्या विक्रीला केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मानिम्मा, राज्याबाहेर एकच एकत्रित कर, एवढा साधा नियम बसवायला तीन आठवडे गेले.

दुसरा प्रोग्राम अँग्युलरचा होता. लिहिणाऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही आणि तो फार हुशार होता असंही नाही, कोड बघून कळतंच. पण कर 'कर' नावाच्या सर्व्हिसमध्ये होता, एका फाइलीत, कारण फ्रेमवर्कची शिस्तच तशी होती. दुपारच्या जेवणाआधी मी तो बदलून मोकळी झाले. सेक्टर, सडक, क्वार्टर. त्या अनोळखी माणसाने मला चार्ज दिला होता आणि मी तो घेतला होता.

पुढची वर्षं भराभर गेली. मार्च २०१७ मध्ये दुसरीनंतर थेट चौथी आवृत्ती आली. राउटरचा क्रमांक आधीच तीनवर गेलेला, म्हणून सगळ्यांना एका रांगेत आणायला तीन गाळला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती हा शिरस्ता पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये नवव्या आवृत्तीने आतलं इंजिनच बदलून 'आयव्ही' बसवलं. महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि मी घरातून, बाबांच्या टेबलावरून काम करू लागले. ३१ डिसेंबर २०२१ ला जुन्या अँग्युलरजेएसची देखभाल अधिकृतपणे थांबली. माझा टिंबवाला फॉर्म त्या दिवशीही एका दुकानात चालू होता.

मग मॉड्यूलांची पाळी आली. २०१६ च्या ऑगस्टात ज्यांनी रडवलं होतं ती एनजीमॉड्यूलं नोव्हेंबर २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून ऐच्छिक झाली. कंपोनंट आपल्या पायावर उभा राहू लागला. त्यामागून सिग्नल आले, म्हणजे बदललेली गोष्ट स्वतःच सांगते की मी बदलले. सतराव्या आवृत्तीत अट आणि पुनरावृत्ती लिहिण्याची रीतही बदलली. पुन्हा निम्मं शिकलेलं मोडीत.

पण या वेळी थडगी नव्हती. जुनं आणि नवं एकाच प्रोग्राममध्ये शेजारी नांदत होतं. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीपासून एक आज्ञा मिळाली होती, जी नव्या आवृत्तीवर नेताना तुमच्या कोडमधले बरेचसे बदल स्वतःच करते. जे टाकायचं ते आधी जाहीर करायचं, मुदत द्यायची, मग काढायचं. २०१४ साली त्या मंडळींनी भट्टी पेटती ठेवून नवीच भट्टी दाखवली होती. जुन्यावरून नव्यावर यायचा पूल त्यांनी नंतर बांधला खरा, पण आमच्यासारख्यांना तो ओलांडणं परवडलं नाही. शिस्त शिकवणाऱ्यांनाही चार्ज द्यायला शिकावं लागलं, आणि ते शिकले. त्यांच्यावरचा माझा राग तिथे संपला.

आता रविवारी सकाळी घराजवळच्या चार मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी आधी सिग्नल शिकवत नाही. तो पाच वर्षांनी असेल की नाही, कोण जाणे. आधी दुसऱ्या मुलीचा अर्धवट प्रोग्राम हातात देते आणि सांगते, हिला न विचारता पुढचं काम कर. नडलं की त्यांना आपोआप कळतं की फाइलीला नाव का लागतं आणि हिशोब पडद्यापासून वेगळा का ठेवायचा.

गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीने आपलं काम पुढचीला दिलं. सोबतच्या टिपणात हिंदीत चार ओळी होत्या: काय चालतं, काय अडतं, काय राहिलं आणि का राहिलं. खाली तारीख आणि 'चार्ज दिया'. मी लॅपटॉप घेऊन बाबांपाशी गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलं पोरीनं," ते म्हणाले. "टाइम नाही टाकला."